सर्व्हरमधला शेजारी

रेवा त्या रविवारी पुण्याहून कोल्हापूरला घरी आली आणि पाठीवरची बॅग खाली न ठेवताच वडिलांच्या खोलीत गेली. विश्वजित खराडे नेहमीसारखा खिडकीकडे तोंड करून उशांच्या आधाराने बसवलेला होता. मानेखाली घडी केलेला पंचा, उशाला मुठीएवढा स्पीकर.

"पप्पा, मिळालं," ती म्हणाली. "तुमच्या एकट्यासाठी अख्खं मशीन."

स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच सारिका आली आणि दारात उभी राहिली. ही बातमी कधीतरी येणार हे तिला माहीत होतं. तरी तिने रेवाला पुन्हा एकदा नीट सांगायला लावलं, लग्नाची बोलणी पक्की झाल्याचं माणूस दोन-दोनदा ऐकतं तसं.

विश्वजित तीन वर्षांपूर्वी मैदानावर पोरांना गोलकीपिंग शिकवता शिकवता कोसळला होता. मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी. जीव वाचला, पण डोळ्यांच्या पापण्या सोडल्या तर काहीच हलेना. डोकं मात्र साफ होतं. वर्षभराने पुण्यात शस्त्रक्रिया झाली आणि जीभ, ओठ, घसा हलवायचे हुकूम मेंदूच्या ज्या भागातून निघतात तिथे तारांची एक बारीक जाळी बसवली गेली. विश्वजितने बोलायचा प्रयत्न केला की हुकूम निघायचे. ते पाळायला शरीर नव्हतं, पण जाळी ते टिपायची आणि नव्या मुंबईतल्या एका यंत्राकडे पाठवायची. ते यंत्र त्या लहरींमधून शब्द ओळखायचं आणि विश्वजितच्याच जुन्या आवाजात उशाच्या स्पीकरमधून बोलायचं. घरात या सगळ्या व्यवस्थेला 'बोलकं' म्हणत.

अडचण त्या यंत्रात होती. रेवा दुसऱ्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करायची, त्यामुळे तिला ती चांगली कळत होती. शब्द ओळखायचं काम इतकं जड होतं की त्याला एक मोठा सर्व्हर लागायचा, आणि सर्व्हर कमी होते. म्हणून कंपनीने एकेका सर्व्हरचे सॉफ्टवेअरने आठ भाग पाडले होते. प्रत्येक भाग स्वतःला पूर्ण सर्व्हर समजायचा. त्याची मेमरी वेगळी, कुलूप वेगळं, आपल्याशिवाय इथे आणखी कुणी आहे याचा त्याला पत्ताच नसायचा. पण खाली राबणारा प्रोसेसर एकच होता.

"अपार्टमेंटसारखं आहे, आई," रेवा म्हणाली. "दारं वेगळी, पण गच्चीवरची टाकी एकच. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की धार बारीक होते. आता पप्पांना स्वतंत्र बंगला मिळणार. टाकीही स्वतःची."

धार बारीक होणं म्हणजे काय ते सारिकाला कुणी सांगायला नको होतं. तिने काही विचारलं की उत्तर यायला दोन सेकंद लागायचे, संध्याकाळी चार. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण नवरा-बायकोचं बोलणं चालतं ते एकमेकांचं वाक्य तोडण्यावर, मध्येच हसण्यावर, "गप्प बसा" आणि "तूच गप्प बस" यांच्यात श्वासाचंही अंतर नसण्यावर. या घरात विनोद उशिरा पोचायचा आणि शिळा होऊन पडायचा. सारिका चिडली तर तिच्या रागाला उत्तर येईपर्यंत तिलाच आपली लाज वाटू लागायची. मग तिने चिडणं सोडलं. हळूहळू ती फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारू लागली. कूस बदलू का? खिडकी लावू?

"नियम असा आहे की पेशंटने स्वतः हो म्हणायचं," रेवा म्हणाली. "म्हणा पप्पा. मी रेकॉर्ड करते."

दोघी थांबल्या. स्पीकरमधून आवाज आला.

"नको."

सारिका हसली. बोलक्याने चूक केली असणार, तसं व्हायचं कधीकधी. रेवाने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं, आणि त्यामागोमाग, "मी आहे तिथे बरा आहे."

कारण त्याने सांगितलं नाही. सारिका स्वयंपाकघरात परत गेली. भांडी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

विश्वजितला कारण सांगता येत नव्हतं. खरं म्हणजे त्याला ते सांगायचंच नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात फिजिओथेरपिस्टने त्याला एक व्यायाम दिला होता. रोज दुपारी लांब 'आ' लावायचा, म्हणजे बोलक्याला त्याच्या लहरींची सवय होते. सारिका तासभर पडायची त्या वेळात तो हा 'आ' लावायचा. आवाज बारीक ठेवलेला असायचा. त्या सपाट 'आ'मध्ये अधूनमधून खाच पडायची, रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक जावं तशी. शेजारचा कुणीतरी बोलत असणार, टाकी एकच, हे त्याला रेवाच्या बोलण्यावरून माहीत होतं. ज्याला पडल्या पडल्या बघायला खिडकी आणि छताशिवाय काही नसतं तो अशा गोष्टींकडेही लक्ष देतो. एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की खाचा मोजून पडतायत.

एक. थांबा. एक. मोठा थांबा. तीन. थांबा. पाच. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा तेच.

कित्येक दुपारी त्याने त्यावर डोकं लावलं. आधी त्याला जर्सीचे नंबर आठवले, मग स्कोअर. नंतर एकदा खालच्या मजल्यावरची पोरगी मोठ्याने पाठांतर करत होती, क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, आणि त्याला एकदम उमगलं. पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच अक्षरं. पहिला आकडा ओळीचा, दुसरा अक्षराचा. एक-एक म्हणजे क. तीन-पाच म्हणजे ण.

कण. कोण.

पलीकडून कुणीतरी विचारत होतं.

उत्तर कसं द्यायचं? त्याच्याही विचारांचा भार पलीकडे जाणवायला हवा. नुसतं बोलून तेवढा भार पडत नव्हता. मग त्याने डोळे मिटले आणि गोलपोस्टमध्ये उभा राहिला. चेंडू डावीकडे आला, आणि त्याने मनात सगळं अंग झोकून दिलं, मांड्या, पाठ, बोटांची टोकं. लहरींचा असा लोंढा आला की बोलक्याला त्यातून एकही शब्द काढता येईना आणि यंत्र धापा टाकू लागलं. पाच झेपा. थांबून आणखी पाच. पाच-पाच म्हणजे म. मी.

पलीकडून लगेच खाचा पडू लागल्या. इतक्या घाईने की त्याला मोजताही येईनात.

त्या दिवसापासून दुपार त्याची झाली. एक वाक्य जायला अर्धी दुपार लागायची. 'य'पासून पुढची अक्षरं सहाव्या-सातव्या ओळीत धरायची, काना-मात्रा अंदाजाने लावायच्या. पलीकडे एक बाई होती. रत्नमाला टेंभरे, गोंदियाची. तीसेक वर्षं तिने तिथल्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. खाच पाडायची असली की ती मनातल्या मनात माइक हातात घेऊन पूर्ण जोराने एकेक गाडी पुकारायची. विश्वजितने तिला झेपांबद्दल सांगितलं तेव्हा तिने विचारलं, 'गोल किती खाल्ले'. तो हसला. हसणं बोलक्याला ओळखता यायचं नाही, त्यामुळे स्पीकरमधून नुसती खरखर आली आणि सारिका दचकून उठून बघायला आली.

सारिकाला तो रोज दुपारी 'आ' लावतो याचं कौतुक वाटायचं. एकदा फोनवर ती बहिणीला म्हणाली की आता यांनी गाणं शिकायचं मनावर घेतलंय. त्याला ते ऐकून बरं वाटलं नाही. पण तीन वर्षांत त्याच्या बाबतीत जे जे घडलं ते दुसऱ्याच्या हातांनी घडलं होतं. खाणं, धुणं, कूस बदलणं, बोलणंसुद्धा. ही एकच गोष्ट त्याने स्वतः शोधली होती.

पुढे रत्नमालाने जे सांगितलं त्यानंतर ती गोष्ट नुसती गंमत राहिली नाही.

तिचा मुलगा खेमराज घरूनच शिकवणी घ्यायचा, पडद्यावर. त्याचे वर्ग चालू असताना आईचं बोलणं मध्ये यायचं म्हणून त्याने बोलक्याच्या स्पीकरला एक इअरफोन जोडला आणि तो तिच्याच कानात घातला. तिचा आवाज आता फक्त तिलाच ऐकू यायचा. वर्ग संपला की तो इअरफोन काढायचा. पण तिला त्या गोष्टीचा इतका राग आला की काढल्यावर ती मुद्दाम गप्प राहिली. एक दिवस, चार दिवस, आठवडा. आई आता बोलत नाही, असं घरच्यांना वाटलं. मग एकदा इअरफोन तसाच राहिला. ती बोलायला लागली तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं. सगळं अगदी सहज घडलं होतं. सून रोज तिचं तोंड पुसायची, केस विंचरायची, आणि विंचरताना ती तार सांभाळून बाजूला करायची. रत्नमाला तिला हाका मारायची आणि त्या हाका तिच्याच कानात वाजायच्या.

वर्ष होत आलं होतं. विश्वजितशिवाय ती कुणापर्यंत पोचत नव्हती.

आणि आता रेवा त्याला बंगला देत होती.

कारण सांगावं तर रेवाला कळणार. रेवाला कळलं तर ती कंपनीला कळवणार, कारण एका रुग्णाला दुसऱ्याची चाहूल लागते ही तिच्या धंद्यात फार गंभीर चूक होती. कंपनी भिंतीतली ती फट बुजवणार. हो म्हणावं तर तो स्वतःच दुसऱ्या मशीनवर निघून जाणार. आणि गप्प राहावं, तर समोर सारिका होती.

ती रागावली नाही. तिने बोलणंच थांबवलं. पूर्वी हो-नाहीचे प्रश्न तरी असायचे, आता तेही गेले. ती वेळेवर यायची, कूस बदलायची, नळीतून खाणं घालायची, निघून जायची. एकदा पंचा बदलताना मात्र ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मी शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली, रंगांची पेटी माळ्यावर टाकली, त्याचं मला काही नाही. पण मला तुमच्याशी एकदा नीट भांडायचंय. तेवढंच मागत होते." उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागणार होते. ती तेवढीही थांबली नाही.

त्याच आठवड्यात, दुपारी, खाचा पडल्या त्या तुटक होत्या. एकेक अक्षर त्याने जुळवत नेलं. घरी कंपनीचा माणूस येऊन गेला होता. वाट बघणारे रुग्ण पुष्कळ होते, आणि ज्याचा वापर नाही ते बोलकं परत घेऊन दुसऱ्याला द्यायची पद्धत होती. रुग्णाचं बोलणं खासगी म्हणून कंपनी यंत्रातली नोंद बघत नसे, तो बोलत नसेल तर घरच्यांचं म्हणणं धरत. खेमराज म्हणाला होता की आई बोलत नाही. पुढच्या सोमवारी येऊन बंद करणार होते.

शेवटी तिने एकच शब्द पाठवला. 'भीती'.

विश्वजितने 'आ' थांबवला आणि सारिका उठल्यावर तिला आवाज मोठा करायला लावला. "सारिका," तो म्हणाला. "बस. मला सांगायचंय."

सांगायला खूप वेळ लागला. सर्व्हरवर गर्दी होती, शब्द थेंबथेंब येत होते. सारिका पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिली. मध्ये तिने एकदाही वाक्य पुरं करून दिलं नाही. सगळं संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे रोज दुपारी तुम्ही गात नव्हता?"

"नाही."

"एका बाईशी बोलत होता."

"हो."

ती उठून खिडकीशी गेली. तिच्याशी बोलताना दोन सेकंदही जड व्हायचे, आणि त्या बाईच्या एका वाक्यासाठी हा माणूस अर्धी दुपार झेपा घेत होता. हे तिने बोलून दाखवलं नाही, पण ते तिच्या पाठीकडे बघून त्याला कळलं. मग ती वळली आणि म्हणाली, "तिचा फोन नंबर विचारा. आकडेच तर आहेत, लवकर होईल."

खेमराजने फोन उचलला. कोल्हापुरातून कुणी बाई फोन करून सांगते की तुमची आई आमच्या घरी निरोप पाठवते, यावर कोण विश्वास ठेवेल? आई वर्षभर बोलली नाही, आमच्या दुःखाची चेष्टा करू नका, असं म्हणून सारिकाने कानातल्या तारेचं सांगायच्या आत त्याने फोन ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

सारिकाने रेवाला बोलावून घेतलं. रेवाने सगळं ऐकलं, वडिलांना 'आ' लावायला सांगून खाचा स्वतः मोजल्या, आणि डोकं धरून बसली. "पप्पा, तुम्हाला शेजाऱ्याची चाहूल लागते तर उद्या कुणाला त्याचं बोलणंही चोरता येईल," ती म्हणाली. "यावर शेकडो लोक आहेत. मला हे लपवता येणार नाही."

"आई गोंदियाला जाऊन परत येईपर्यंत थांब," विश्वजित म्हणाला.

रेवाने मान डोलावली. सारिका दुसऱ्या दिवशी दुपारच्या महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसली. कोल्हापूर हे त्या गाडीचं एक टोक आणि गोंदिया दुसरं. मधे सगळं राज्य आडवं पसरलेलं.

गोंदियात तिने पत्ता विचारत विचारत घर काढलं. खेमराज चाळिशीचा, चष्मा लावलेला, थकलेला माणूस होता. ही फोनवाली बाई आहे हे कळल्यावर तो दारातून हलला नाही. पण त्याची बायको वैशाली म्हणाली की एवढ्या लांबून आल्या आहेत, पाणी तरी घेऊ द्या. सारिका आत गेली. मधल्या खोलीत लोखंडी पलंगावर रत्नमाला पडली होती. केसांची वेणी नीट घातलेली, चादर स्वच्छ. घर वाईट नव्हतं. सारिकाला वाटेत ज्यांचा राग राग आला होता ती माणसं इथे नव्हतीच, तिच्यासारखीच दोन माणसं होती.

"आधी आई दिवसभर बोलून राहायची, ताई," खेमराज सांगत होता. "मग एकदम बंदच झाली. डॉक्टर म्हणाले, असं होते."

सारिकाने काही समजावलं नाही. ती वाकली आणि रत्नमालाच्या कानातली तार अलगद ओढून काढली. मग स्पीकरमध्ये खोचलेलं तिचं दुसरं टोक काढलं.

दोन सेकंद गेले. तीन गेले. वैशालीच्या हातात पाण्याचा पेला तसाच होता.

"खेमराज," खोलीत एक मोठा, स्वच्छ, सवयीने दूरवर पोचणारा आवाज आला. "कान खाजवून दे. वर्ष झालं."

खेमराज जागच्या जागी खाली बसला. मग गुडघ्यांवर सरकत पलंगापाशी गेला आणि एका बोटाने आईचा कान खाजवू लागला. तो रडत होता आणि खाजवत होता. रत्नमाला त्याला आणखी मागे, आणखी खाली, असं सांगत होती. नंतर तिने सारिकाकडे डोळे फिरवले आणि विचारलं की तुम्ही त्यांच्या मिसेस का. सारिका हो म्हणाली. रत्नमाला म्हणाली, "ते सांगतात, भांडणात तुम्ही कधी हरल्या नाहीत."

सारिकाला त्या रात्री त्यांनी जाऊ दिलं नाही.

ती परत आली त्या दिवशी रेवाने कंपनीला कळवलं. कंपनीने आभार मानले, चौकशी केली, आणि फट बुजवली. आता प्रत्येक भागाला वेळेचे ठरावीक तुकडे मिळू लागले, शेजारी बोलो वा गप्प राहो. खाचा बंद झाल्या. पण ठरावीक तुकडे म्हणजे रिकामा वेळही वाया. सगळ्यांचंच बोलणं आणखी मंदावलं. दोन सेकंदांचे पाच झाले, संध्याकाळी सात-आठ.

स्वतंत्र सर्व्हर अजून राखून ठेवलेला होता. रेवाने या वेळी सगळं खरं सांगितलं. नवं मशीन कुठून येत नव्हतं. आहेत त्यातलंच एक रिकामं करून देणार होते, त्यावरचे आठ जण इतर मशीनवर वाटणार होते. म्हणजे कुठे आठाचे नऊ, कुठे दहा. रत्नमालाच्या मशीनवरही गर्दी वाढणार होती.

विश्वजितने सारिकाला विचारलं, "तू सांग."

रेवाला वाटलं, आई नको म्हणेल. गोंदियाला जाऊन आलेली बाई, नकोच म्हणेल. सारिका पंच्याची घडी घालत होती. घडी पुरी करून ती म्हणाली, "मी तिला बघितलंय. तिचा कान बघितलाय. तरी मला हवंय. मी वाईट असेन तर असेन."

पाच सेकंदांनी स्पीकर बोलला. "हो." रेवाने रेकॉर्ड केलं.

नव्या मशीनवर पहिल्या दिवशी दोघं अक्षरशः घाबरले. सारिकाचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर येत होतं. दुसऱ्या दिवशी ती सवयीने त्याच्यासाठी ठरवून टाकायची त्या सगळ्या गोष्टींवर त्याने हरकत घेतली. खिडकी, पंखा, टीव्हीवरचा चॅनल. तिसऱ्या दिवशी ते भांडले. त्या बाईला बोललात आणि मला का नाही इथून सुरू झालेलं भांडण तिच्या माहेरच्या एका लग्नापर्यंत गेलं. कुणी कुणाला वाक्य पुरं करू दिलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन बेल वाजवून गेल्या. सारिका दार लावून परत आली ती हसतच, आणि हसता हसता त्याच्या छातीवर डोकं ठेवून पडली. ते दिवस चांगले होते. हे नाकारण्यात अर्थ नाही.

रत्नमालाशी आता फोनवर बोलणं व्हायचं. खेमराज फोन स्पीकरपाशी धरायचा. विश्वजित विचारायचा, बऱ्या आहात का, आणि मग वाट बघायची. आठ सेकंद, कधी बारा. लाइन गेली की काय म्हणून खेमराज मध्येच हॅलो हॅलो करायचा, आणि तेवढ्यात तिचं उत्तर सुरू होऊन त्या हॅलोखाली जायचं. ती पुन्हा सुरू करायची. सर्व्हरमधून एकेका अक्षराने बोलताना ती जेवढी जवळ होती तेवढी या फोनवर राहिली नाही. एकदा ती म्हणाली की तिच्या मशीनवर आता दहा जण झालेत, कंपनीच्या माणसाने सांगितलं. तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. विश्वजितजवळ त्यावर लगेच द्यायला उत्तर होतं, यंत्र तयारच होतं, पण तो काही बोलला नाही.

फोन आखूड होत गेले. मग एका रविवारी खेमराजने सांगितलं की आई दोन दिवस बोलत नाही. थकली असेल. उत्तराला फार वेळ लागते ना, वैशालीने विचारायचं आणि कामाला लागायचं, तोवर उत्तर येते अन् खोलीत कोणी नसते. वर्गाच्या वेळी पुन्हा इअरफोन लावून राहिलो, पण काढतो, रोज काढतो, असंही तो म्हणाला. त्याने ते स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही.

विश्वजितने त्याच दुपारी रेवाला फोन लावायला सांगितला. मला परत आठ जणांत टाक, नऊ, दहा, कितीही असोत. हे मशीन वाटून दे. रेवा हलकेच म्हणाली की तसं होत नाही, पप्पा. हे मशीन आता तुमच्या नावावर बांधलं गेलं. बोलकंही तुमच्या लहरींवर नव्याने बेतलंय, इथून काढलं तर महिनोन्‌महिने मुके राहाल, कदाचित कायमचे. आणि तिकडची तुमची जागा भरली. तिथे भंडाऱ्याचा एक मुलगा आलाय, एकोणीस वर्षांचा.

फोन ठेवल्यावर सारिकाने कपाटातून बॅग काढली, दोन साड्या आणि टॉवेल भरला. तो तिला सांगत होता की एकदा जाऊन तार काढशील, पुन्हा लावतील. ती म्हणाली, लावू दे, पुन्हा जाईन. तो म्हणाला, असं किती वेळा. ती म्हणाली, ते मला विचारू नका, मीच हवंय म्हटलं होतं. त्यावर तो म्हणाला की हो मी म्हटलं होतं, तू नाही. ती दारापर्यंत गेली तरी त्यांचं हेच चाललं होतं, एकमेकांच्या वाक्यांवर वाक्यं, पूर्वीसारखं.

"रेवा संध्याकाळी पोचेल," ती म्हणाली. "तोवर नर्सताई आहेत. गाडीची वेळ झाली."

तिने दार ओढून घेतलं. तिची पावलं लिफ्टपर्यंत ऐकू आली, लिफ्टचा दरवाजा लागला. नर्स बाल्कनीत फोनवर बोलत होती. तेव्हा विश्वजितला सुचलं की सारिकाने गोंदियाला पोचल्यावर रत्नमालाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, आणि आपल्याकडून माफी कशी मागायची. तो ते जिभेवर जुळवू लागला, आणि ते पुरतं जुळायच्या आत यंत्राने बोलून टाकलं, स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता. खोलीत ते ऐकायला कुणी नव्हतं.